सगळ्यात स्वस्त नॅनो चालली नाही, मग त्याहून महाग वॅगनआर एवढी का विकली जाते?

"पहिली गाडी घ्यायचीय, बजेट पाच-सहा लाखांचं आहे, कोणती घेऊ?"

हा प्रश्न फॅमिलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून बघा. पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. एक काका म्हणतात, डोळे झाकून मारुती घे. एक मित्र म्हणतो, पत्रा बघ आधी, पंच घे. कुणीतरी म्हणतं, सीएनजी घे, पेट्रोल परवडणार नाही. आणि एकजण हमखास म्हणतो, नवी कशाला, सेकंड हँड बघ.

गंमत म्हणजे या दहा उत्तरांमध्ये "सगळ्यात स्वस्त असेल ती घे" असं कुणीच म्हणत नाही.

आता थोडं मागे जाऊ. २००९ साली टाटांनी नॅनो बाजारात आणली. एक लाखाची गाडी म्हणून जगभर गाजावाजा झाला. गुजरातमधल्या साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या बनवण्याच्या हिशोबाने उभा राहिला. पण नॅनोच्या सगळ्यात चांगल्या वर्षातही विक्री पाऊण लाखाच्या आसपासच थांबली. जून २०१८ मध्ये तर अख्ख्या महिन्यात फक्त एक नॅनो तयार झाली.

याच काळात नॅनोपेक्षा कितीतरी महाग असलेली वॅगनआर विकली जात होती. १९९९ च्या शेवटी आलेल्या या गाडीने २०२३ मध्ये ३० लाखांचा टप्पा ओलांडला.

मग प्रश्न पडतो, स्वस्त गाडी लोकप्रिय होते म्हणजे नेमकं काय होतं? लोक जर स्वस्तातली स्वस्त गाडी घेत नाहीत, तर ते घेतात तरी काय?

सुरुवात झाली मारुती ८०० पासून

१९८० च्या आधी आपल्याकडे गाडी म्हणजे मुख्यतः दोनच नावं. एक अ‍ॅम्बेसेडर, दुसरी फिएट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पद्मिनी तर आपल्या मुंबईची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. दोन्ही गाड्यांची मूळ डिझाइन्स १९५० च्या दशकातली. परवाना राज असल्यामुळे किती गाड्या बनवायच्या यावर बंधन होतं, त्यामुळे पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे.

१९८२ मध्ये सरकारच्या मारुती उद्योग कंपनीने जपानच्या सुझुकीशी करार केला. सुझुकीचा हिस्सा होता २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाला मिळाली. किंमत होती साधारण ५० हजारांच्या घरात. गाडी रस्त्यावर यायच्या आधीच लाखाहून जास्त बुकिंग झालं होतं.

छोटी, हलकी, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. सकाळी चावी फिरवली की गाडी चालू. आज ही साधी गोष्ट वाटते, पण गाडीला धक्का मारायची सवय असलेल्या लोकांसाठी ही क्रांतीच होती.

पण मारुती ८०० ची खरी कमाई ती गाडी नव्हती. गाडीसोबत देशात सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची साखळी तयार झाली. तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत आलं आणि त्याचीच पुढची आवृत्ती २००० साली आलेल्या अल्टोत बसली. म्हणजे तीन गाड्या आणि एकाच घराण्यातलं इंजिन. पार्ट जेवढे जास्त बनणार तेवढे स्वस्त पडणार, आणि जेवढे स्वस्त पडणार तेवढे ते तालुक्याच्या दुकानातही मिळणार.

२०१४ च्या जानेवारीत मारुती ८०० बंद झाली तोपर्यंत २५ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या. त्याच्या कितीतरी आधी अल्टोने तिची जागा घेतली होती. २००४-०५ पासून पुढची दहाहून जास्त वर्षं देशातली सगळ्यात जास्त विकली जाणारी गाडी अल्टोच होती.

कंपनी नाही, गॅरेजवाला गाडी विकतो

पहिली गाडी घेणारा माणूस कुणाला विचारतो? जाहिरातीला नाही. तो ओळखीच्या मेकॅनिकला विचारतो.

आणि मेकॅनिक काय सांगणार? ज्या गाडीवर तो हात शिकला, जिचा पार्ट संध्याकाळपर्यंत मिळतो, तीच. एखादा क्लच प्लेट किंवा हेडलाइट पुण्या-मुंबईहून मागवायला आठ दिवस लागत असतील तर गाडी कितीही भारी असो, तो म्हणणार, "साहेब, नका घेऊ, त्रास होईल."

म्हणजे हे चक्र आहे. गाड्या जास्त असतील तर मेकॅनिक शिकतात. मेकॅनिक असले की पार्ट मिळतात. पार्ट मिळाले की लोकांना भरवसा वाटतो आणि त्यामुळे गाड्या आणखी विकल्या जातात. त्यात भर म्हणजे मारुतीची स्वतःची सर्व्हिस सेंटर्स देशात ४ हजारांहून जास्त ठिकाणी आहेत. शहरात राहणाऱ्याला याची किंमत कळत नाही. पण सर्व्हिस सेंटर ८० किलोमीटरवर असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला एक सुट्टी आणि एक टाकी जाते.

नव्या कंपनीला आधी या चक्रात शिरावं लागतं, आणि तिथेच भल्याभल्यांची दमछाक होते.

विकताना किती येतील?

आपल्याकडे गाडी घेतानाच ती विकायचा विचार झालेला असतो. बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, पण मध्यमवर्गासाठी घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी गाडीच असते. पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो साधारण १०,४०० रुपये. पाच वर्षांत बँकेला जातात सव्वासहा लाख. एवढे पैसे ओतल्यावर शेवटी हातात काय उरणार, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

समजा दोन गाड्या आहेत. एक पाच लाखांची, जी सात वर्षांनी दीड लाखाला जाते. दुसरी साडेपाच लाखांची, पण सात वर्षांनी अडीच लाखाला जाते. पहिलीत तुमचे साडेतीन लाख गेले, दुसरीत तीन लाख. म्हणजे शोरूममध्ये महाग असलेली गाडी खरं तर ५० हजारांनी स्वस्त पडली.

याची दुसरी बाजूही लोकांनी पाहिली आहे. १९९८ च्या सुमारास देवूची मॅटिझ आली. गोंडस, चालवायला मस्त, लोकांना आवडलीही. पण कोरियातली मूळ कंपनी बुडाली, पुढच्या काही वर्षांत इथलं उत्पादन थांबलं आणि मॅटिझवाले पार्ट शोधत फिरू लागले. नंतर २०१७ च्या शेवटी शेवरोलेने भारतातली विक्री थांबवली, २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, २०२२ मध्ये डॅटसन गेली. दर वेळी कंपनी गेली आणि सेकंड हँड बाजारात त्या गाड्यांचे भाव पडले.

म्हणून "ही कंपनी दहा वर्षांनी असेल ना?" हा प्रश्न भारतीय ग्राहक तोंडाने विचारत नसला तरी त्याच्या डोक्यात असतोच.

मग नॅनोचं नेमकं काय चुकलं?

नॅनोमागची कल्पना खरंच मोठी होती. पावसात एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब जाताना बघून ही गाडी सुचली, असं रतन टाटांनी अनेकदा सांगितलं. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या बाजूला बसवून छोट्या गाडीत चार माणसांसाठी ऐसपैस जागा काढली होती. सुरुवातीला २ लाखांहून जास्त लोकांनी बुकिंगही केलं.

पण झालं असं की, सिंगूरमधल्या जमिनीच्या आंदोलनामुळे २००८ मध्ये कारखाना पश्चिम बंगालमधून गुजरातला न्यावा लागला. साणंदचं उत्पादन २०१० मध्ये सुरू झालं. म्हणजे मागणी जोरात होती तेव्हा गाड्या नव्हत्या आणि गाड्या आल्या तेव्हा उत्साह ओसरला होता. मधल्या काळात काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या आल्या आणि मनात भीती बसली. सुरुवातीच्या नॅनोला मागचा दरवाजा उघडत नव्हता, सामान सीटवरून आत टाकावं लागायचं. उघडणारी डिकी आली २०१५ मध्ये, तोपर्यंत किंमत दोन लाखांच्या आसपास पोहोचली होती.

आणि सगळ्यात मोठा घोळ झाला तो "सगळ्यात स्वस्त" या शिक्क्याचा. दुचाकीवरून चारचाकीवर जाणं म्हणजे नुसता पावसापासून बचाव नाही, ती घराची प्रगती असते. पेढे वाटले जातात, नारळ फुटतो, नव्या गाडीतून देवदर्शन होतं. अशा वेळी दारात उभी असलेली गाडी "परवडत नाही म्हणून घेतली" असं सांगत असेल तर कुणाला आवडेल? स्वस्त म्हणून गाडीची ओळख झाली ही चूक होती, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं.

शिवाय नॅनोची खरी स्पर्धा नव्या गाड्यांशी नव्हतीच. तेवढ्याच पैशात चांगल्या अवस्थेतली सेकंड हँड मारुती ८०० किंवा अल्टो मिळत होती. तिच्यासोबत मेकॅनिक, पार्ट आणि पुन्हा विकायची खात्री, हे सगळं फुकट मिळत होतं.

गाडीची लांबी सरकार ठरवतं

आता असा मुद्दा, जो शोरूममध्ये कुणी सांगत नाही. ब्रेझा, नेक्सॉन, पंच, डिझायर, व्हेन्यू या गाड्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. यातली एकही गाडी चार मीटरपेक्षा लांब नाही. ब्रेझाची लांबी तर बरोबर ३,९९५ मिलिमीटर आहे. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून डिझाइन थांबलंय.

हा योगायोग नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के केलं. छोटी गाडी म्हणजे काय? लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. झालं, कंपन्या कामाला लागल्या. डिझायरची शेपटी २०१२ मध्ये कापली गेली ती यामुळेच. मागून छाटल्यासारख्या दिसणाऱ्या सेडान आणि छोट्या एसयूव्ही हा प्रकार आपल्याकडे एवढा वाढला, त्याचं मूळ या नियमात आहे.

जीएसटी आल्यावरही हीच रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेत बसणाऱ्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, तर त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे चार मीटरच्या अलीकडे आणि पलीकडे २२ टक्क्यांचा फरक.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. जपानमध्ये ६६० सीसीपर्यंतच्या आणि ३.४ मीटरपर्यंतच्या गाड्यांना कर कमी आहे. त्यांना तिथे केई कार म्हणतात आणि जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गाड्या याच असतात. ब्राझीलने १९९० च्या दशकात एक लिटरपर्यंतच्या इंजिनाला करसवलत दिली, तर तिथला बाजार एक लिटरच्या गाड्यांनी भरून गेला. लोकांची आवड म्हणून आपण जे बघतो, त्यात सरकारच्या कराचा वाटा बराच असतो.

सीएनजीचं साधं गणित

वॅगनआर एवढी का चालते याचं एक मोठं उत्तर सीएनजी पंपावर, रांगेत उभं असलेलं दिसतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पद्मिनीची जागा आधी सँट्रोने आणि मग वॅगनआरने घेतली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाला भावनेवर गाडी घेत नाही, किलोमीटरच्या हिशोबाने घेतो.

तो हिशोब आपणही करू. कंपनी वॅगनआर सीएनजीचं मायलेज एका किलोला ३४ किलोमीटर सांगते. ट्रॅफिक धरून आपण २५ धरू. पेट्रोलचं १८ धरू. समजा पेट्रोल १०० रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो. महिन्याला १,००० किलोमीटर चालवली तर पेट्रोलला लागतात साधारण ५,५५० रुपये आणि सीएनजीला ३,२००. महिन्याला २,३५० रुपये वाचले.

पण सीएनजी मॉडेल साधारण ९५ हजारांनी महाग असेल, तर ते वसूल व्हायला तीन वर्षं चार महिने लागतील. टॅक्सीसारखी महिन्याला ३,००० किलोमीटर चालवली तर साधारण तेरा महिन्यांत वसूल. आणि महिन्याला ४०० किलोमीटरच होत असतील तर आठ वर्षं लागतील, शिवाय डिकीत टाकी असल्याने बॅग कुठे ठेवायची हा प्रश्न वेगळाच.

म्हणजे शेजाऱ्याला परवडली म्हणून तुम्हाला परवडेलच असं नाही. तुमचे किलोमीटर किती, ते बघावं लागतं.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली

मायलेज, पार्ट, रीसेल हा सगळा हिशोब पैशांचा. यात कित्येक वर्षं एक रकाना रिकामा होता. गाडी आदळली तर आतल्या माणसांचं काय?

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. बिनाएअरबॅगच्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य स्टार मिळाले. म्हणजे मारुती आणि टाटाच नाही, परदेशी कंपन्याही यात होत्या. ग्राहक विचारत नव्हता आणि कायदा सांगत नव्हता, म्हणून कुणी देत नव्हतं.

मग कायदा बदलत गेला. २०१९ मध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ मध्ये शेजारच्या सीटचीही झाली. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, २०२१ मध्ये पंचलाही मिळाले आणि "पत्रा" हा शब्द घराघरातल्या चर्चेत आला.

२०२३ मध्ये याच संस्थेच्या कडक झालेल्या नियमांनुसार वॅगनआरची चाचणी झाली तेव्हा तिला एकच स्टार मिळाला. तरीही २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी वॅगनआरच होती. इथे लोकांना दोष देणं सोपं आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २१ च्या दरम्यान देशातल्या १०० कुटुंबांपैकी साधारण सात-आठ कुटुंबांकडेच कार होती, तर निम्म्या घरांमध्ये दुचाकी होती. स्कूटरवर दोन पोरं घेऊन हायवेने जाणाऱ्या माणसाला एक स्टारची गाडीही सुरक्षितच वाटते. त्याची तुलना पाच स्टारच्या गाडीशी नसते, पावसातल्या स्कूटरशी असते.

त्यामुळे स्वस्त गाडीत सुरक्षितता आणायची जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकून चालत नाही. एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये आल्या त्या नियमामुळेच, बाजाराने आपणहून आणल्या नाहीत.

आता वारं बदलतंय

२०२४ या कॅलेंडर वर्षात टाटा पंच देशातली सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी ठरली. २ लाखांहून जास्त पंच विकल्या गेल्या आणि जवळपास चार दशकांनी पहिल्या नंबरवरचं मारुतीचं नाव खाली आलं. आज देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये निम्म्याहून जास्त एसयूव्ही प्रकारातल्या आहेत. अल्टो ८०० तर २०२३ मध्येच बंद झाली.

पण नीट बघितलं तर पंचनेही जुनीच परीक्षा पास केली. लांबी चार मीटरच्या आत, त्यामुळे कर कमी. १२०० सीसीच्या आतलं इंजिन. सीएनजीचा पर्याय. देशी कंपनी, त्यामुळे उद्या गाशा गुंडाळून जाईल ही भीती कमी. वर सुरक्षिततेचे स्टार आणि दारात उभी राहिली की भारदस्त दिसते. नॅनोत जे नव्हतं ते पंचमध्ये आहे.

थोडक्यात काय, तर भारतात गाडी लोकप्रिय होते ती कमी किमतीमुळे नाही, कमी जोखमीमुळे. रस्त्यात बंद पडली तर दुरुस्त होईल, अडचण आली तर विकली जाईल, महिन्याचा खर्च पगारात बसेल आणि चारचौघांत मान खाली जाणार नाही, एवढी खात्री लोक विकत घेत असतात.

म्हणून तुम्ही गाडी बघत असाल तर शोरूमच्या किमतीसोबत पाच गोष्टी कागदावर लिहा. महिन्याला किती किलोमीटर होणार? जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब? सात वर्षं जुनी तीच गाडी आज कितीला जाते? विम्यासकट वर्षाचा खर्च किती? आणि धडक चाचणीत किती स्टार मिळाले, तेही तुम्ही घेताय त्याच मॉडेलला?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं काकांकडे आणि गॅरेजवाल्याकडे मिळतील. पाचवं मात्र तुम्हालाच शोधावं लागेल.